पिवळी नखं, निळा डाग : कॉलेजच्या प्रेमपटातले रंग आणि सूर

जुन्या नाशकातल्या रहाडींचा एक अलिखित कायदा आहे. ज्या रहाडीचा जो रंग, तो पिढ्यानपिढ्या तोच. पिवळ्या रहाडीत कोणी गुलाबी टाकत नाही, गुलाबीत केशरी मिसळत नाही. वर्षभर ओंडके आणि माती टाकून बुजवलेले हे पेशवेकालीन हौद रंगपंचमीला उघडतात, फुलं उकळून काढलेला रंग त्यात पडतो आणि मग माणसं एकामागून एक ‘धप्पा’ मारतात. अंगाला लागलेला रंग पुढचे काही दिवस काही केल्या निघत नाही. कॉलेजात पहिल्यांदा प्रेमकथेची शॉर्टफिल्म करायला निघालेल्यांनी हा कायदा वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावा. विद्यार्थ्यांचे प्रेमपट बहुतेक वेळा नेमके इथेच फसतात. सगळे रंग, सगळी वाद्यं, सगळ्या भावना एकाच हौदात ओतलेल्या असतात.

साधारण काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. गोष्ट ठरते, दोन दिवसांत शूटिंग उरकतं, एडिटिंगला बसल्यावर लक्षात येतं की सीन काही ‘लागत’ नाहीये. मग कोणीतरी नेटवरून एक तयार कलर फिल्टर आणतं, कोणीतरी उदास पियानो शोधून काढतं, आणि हे दोन्ही अख्ख्या फिल्मवर चढवलं जातं. हिरो हिरॉइनकडे पाहतो तेव्हाही तोच पियानो, कॅन्टीनमध्ये वडापाव खातो तेव्हाही तोच. हे दुखण्यावर लेप लावण्यासारखं झालं. रंग आणि संगीत यांचे मुख्य निर्णय पटकथेबरोबर घ्यायचे असतात, कॅमेरा भाड्याने आणण्याच्या आधी. त्याला पैसा लागत नाही. लागतो तो विचार, आणि थोडा हट्ट.

एक फिल्म समोर ठेवून बोलू, म्हणजे हवेतलं राहणार नाही. समजा, बारा मिनिटांची गोष्ट आहे. ती दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदाराची मुलगी, रोज एसटीने नाशिकला कॉलेजात येते. तो जुन्या नाशकातल्या वाड्यात राहणारा. दोघांची ओळख लायब्ररीत होते. शेवटी लग्न, पळून जाणं वगैरे काही नाही. वर्ष संपतं आणि तिचं येणं बंद होतं, एवढंच.

दोन रंग, दोनच

तिला एक रंग द्या, त्याला एक. लाल आणि गुलाबी आधीच खोडून टाका. प्रेम म्हणजे लाल हे प्रेक्षकाला शाळेपासून पाठ आहे, त्यामुळे तो रंग दाखवून तुम्ही त्याला नवीन काही सांगत नाही. रंग पात्राच्या घरातून, कामातून, गावातून यायला हवा. द्राक्षबागेत वाढलेल्या मुलीच्या आसपास कोणता रंग असेल? ‘हिरवा’ हे पहिलं उत्तर, म्हणून ते बाजूला ठेवा. बागेत जाऊन जरा वेळ उभे राहा. मोरचूद आणि चुन्याच्या बोर्डो मिश्रणाची फवारणी झाली की पानांवर, खांबांवर, तारांवर फिकट निळसर डाग पडतात. फवारणाऱ्याच्या कपड्यांवर पडतात, वाळत घातलेल्या ओढणीवरही पडतात, आणि धुऊन पूर्ण जात नाहीत. हा तिचा निळा. कपड्यांच्या दुकानात मिळणारा निळा वेगळा आणि हा वेगळा. हा डाग तिच्या घरी काय चालतं ते एका नजरेत सांगतो.

त्याचा रंग रहाडीचा पिवळा. रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी तो लायब्ररीत येतो तेव्हा त्याच्या नखांच्या कडांना, कानामागे पिवळा राहिलेला आहे. टेबलावर एकच पुस्तक, त्यावर त्याचा हात, आणि शेजारी तिच्या ओढणीचं टोक. हा शॉट चार-पाच सेकंद धरा. संवाद नको. ‘तुझा रंग माझ्या रंगात मिसळला’ अशा अर्थाचं वाक्य कोणी लिहून आणलं तर त्याला चहा पाजा आणि वाक्य कापा.

इथे एक खबरदारी. रंगपंचमी येते मार्चच्या सुमाराला, आणि तेव्हा बागांमध्ये काढणी चालू असते. बोर्डोची फवारणी पावसाळ्यातली आणि छाटणीनंतरची. मार्चमध्ये तिच्या हाताला ताजा निळा रंग दाखवलात तर दिंडोरी-पिंपळगावचा प्रेक्षक तिथेच हसेल, आणि हसलेला प्रेक्षक पुढच्या सीनला रडत नाही. म्हणून डाग जुना हवा, ओढणीवर मुरलेला. असा डाग खोटा करायचा असेल तर पातळ फॅब्रिक रंगात ब्रश बुडवून शिंतोडे उडवा, वाळू द्या, मग ओढणी तीन-चार वेळा धुवा. नवा डाग कॅमेऱ्यात नवाच दिसतो.

आता सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम. फ्रेममधून बाकीचा निळा आणि पिवळा बाहेर काढा. आपल्याकडे कुठल्याही वाड्यात, कुठल्याही मळ्यात निळा प्लास्टिकचा ड्रम उभा असतो आणि कशावर ना कशावर निळी ताडपत्री असते. ती नजर खेचते. हलवता येत असेल तर हलवा, नाहीतर त्यावर जुनं पोतं टाका किंवा कॅमेरा दोन पावलं सरकवा. मागच्या बाकावरच्या मित्राला पिवळा टी-शर्ट घालून येऊ देऊ नका. हे शूटिंगच्या आदल्या रात्री ग्रुपवर लिहून कळवा, सकाळी सांगून उपयोग नाही. बाकी सगळे करडे, मातकट, पांढरे, फिकट तपकिरी. म्हणजे निळा डाग आणि पिवळी नखं बोलतील. जाक देमी यांच्या १९६४च्या ‘द अंब्रेलाज ऑफ शेर्बूर’ या फ्रेंच प्रेमपटात खोल्यांच्या भिंतींचे कागद आणि पात्रांचे कपडे एकमेकांशी जुळवून घेतले होते. आपल्याला भिंती रंगवणं परवडत नाही, पण भिंत बघून कपडे निवडणं परवडतं. वाड्याची चुन्याची निळी भिंत असेल तर तिला त्या भिंतीसमोर उभं करायचं की नाही, हा गोष्टीचा प्रश्न आहे. तो कॅमेरामनवर सोडू नका.

ऋतू आणि ऊन

नाशिकचं कॅलेंडर हेच तुमचं रंगांचं पुस्तक. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बाग उघडीबोडकी, तपकिरी काड्या आणि तारा. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर पुन्हा तसंच, आणि मग पाहता पाहता पालवी. डिसेंबर-जानेवारीत दाट हिरवळ, पहाटे धुकं, निफाडचा पारा रोज पेपरात. पावसाळ्यात गोदावरी गढूळ तपकिरी. पूर किती चढला हे नाशिककर दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं यावरून सांगतात. प्रेमाची सुरुवात हिरव्या बागेत आणि शेवट छाटलेल्या बागेत, असा आराखडा केला तर तुम्हाला दोनदा शूटिंग करावं लागेल, एकदा जानेवारीत आणि एकदा एप्रिलच्या अखेरीस. करा. मध्ये तीन महिने जातात म्हणून कंटाळू नका. फिल्टर लावून हिरव्या बागेला सुकलेली करता येत नाही, आणि केलीत तर बागायतदाराला कळतं.

दुपारी बारा ते तीन बाहेर शूटिंग टाळा. डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात, चेहरा थकलेला दिसतो. पण प्रत्येक सीन सोनेरी संध्याकाळी घेण्याचाही मोह नको. गंगापूर धरणाच्या काठावर सूर्यास्ताला सगळंच सुंदर दिसतं. अडचण हीच, की तिथे भांडणही सुंदर दिसतं. भांडणाचा सीन ढगाळ सकाळी, सपाट उजेडात घ्या.

मोबाइलवर किंवा साध्या कॅमेऱ्यावर शूट करणाऱ्यांनी एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकावी. कॅमेऱ्याचा ‘ऑटो व्हाइट बॅलन्स’ तुमचा शत्रू आहे. साध्या पिवळ्या बल्बचा उजेड साधारण २७०० ते ३२०० केल्विनचा, दुपारचं ऊन ५५००च्या आसपास, सावलीतला उजेड ७०००च्याही वर. ऑटोवर ठेवलेला कॅमेरा प्रत्येक ठिकाणी ‘पांढरं ते पांढरं’ करायला धडपडतो आणि तुम्ही मुद्दाम लावलेला पिवळा बल्ब धुऊन टाकतो. त्याहून वाईट म्हणजे एकाच शॉटमध्ये कोणी चालत गेलं की रंग मध्येच बदलतो. व्हाइट बॅलन्स ५६००ला बांधून टाका. मग वाड्यातला बल्ब खरोखर पिवळा दिसेल आणि खिडकीतला उजेड थंड. सोबत फ्रेम रेट २५ आणि शटर १/५० ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूब आणि स्वस्त एलईडी या शटरला कमी लुकलुकतात.

बांधलेल्या व्हाइट बॅलन्सचा एक मोठा फायदा आमच्या गोष्टीला होतो. पिवळ्या बल्बच्या उजेडात निळा मरतो. त्या उजेडात निळा भागच थोडा असतो, त्यामुळे निळं कापड परत पाठवणार तरी काय? ते करडं, जवळजवळ काळपट दिसायला लागतं. म्हणजे ती पहिल्यांदा त्याच्या वाड्यात येते, त्याच्या घरच्यांसमोर बसते, तेव्हा तिच्या ओढणीवरचा निळा डाग आपोआप विझतो. कोणी तिला काही टोचून बोलायची गरज नाही. हा सीन लिहिताना दिवस की रात्र, बल्ब की खिडकी, हे ठरवलं तरच हे घडतं. एडिटिंगच्या वेळी सुचून काही उपयोग नाही. आणि आधी ओढणी घेऊन त्या खोलीत एक चाचणी शॉट घ्या. प्रत्येक बल्ब सारखा नसतो.

त्वचेबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. बाजारात मिळणारे ‘नारिंगी-मोरपंखी’ छापाचे फिल्टर गोऱ्या त्वचेसाठी बसवलेले असतात. आपल्या सावळ्या चेहऱ्यांवर ते विटकरी थर चढवतात. ते टाळा. नायिकेचा चेहरा उजळ करण्याचा हट्ट त्याहून टाळा. दिंडोरीच्या उन्हात वाढलेली मुलगी पांढरीफटक दिसली की गोष्टीवरचा विश्वास तिथेच उडतो. काळाराम मंदिराच्या काळ्या दगडासमोर सावळा चेहरा फार देखणा येतो, मात्र एका बाजूने मऊ उजेड हवा. पण तिथे शूट करण्याआधी विचार करा. त्याच मंदिराच्या दारात २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. तुमच्या गोष्टीत जात आडवी येत असेल तर ते दार स्वतःहून बोलेल, आणि जोरात बोलेल. येत नसेल तर केवळ ‘दगड छान आहे’ म्हणून तिथे जाऊ नका.

रंगाचा अर्थ संकेताने ठरतो, हे नाशिककरांना वेगळं सांगायला नको. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ झाल्यावर दादासाहेब फाळके मुंबईहून नाशिकला आले आणि पुढचे चित्रपट इथे केले. त्या काळी जगभर कृष्णधवल फिल्म रंगात बुडवण्याची पद्धत होती. दिवसाढवळ्या घेतलेला प्रसंग निळ्यात बुडवला की रात्र, पिवळसर रंगात बुडवला की दिव्याचा उजेड. लोकांनी ते मान्य केलं आणि आजही रात्र निळी दाखवली की आपण हरकत घेत नाही. तुमच्या बारा मिनिटांतही असाच एखादा संकेत तुम्ही प्रेक्षकाला शिकवू शकता. अट एकच. तो पहिल्या दोन मिनिटांत शिकवायचा आणि नंतर मोडायचा नाही.

सूर

त्या मूकपटांच्या काळात पडद्याजवळ तबला-पेटी घेऊन माणसं बसायची आणि चित्राकडे बघत वाजवायची. म्हणजे आपल्याकडे सिनेमा पहिल्यापासून संगीतासकट आला. त्यातून एक सवय लागली ती अशी, की शांतता आली म्हणजे वाजवणारा झोपला. विद्यार्थ्यांच्या फिल्ममध्ये ही भीती सगळ्यात जास्त. कुठेही रिकामं वाटलं की तार छेडायची.

‘सैराट’ (२०१६) पुन्हा एकदा पाहा, या वेळी गोष्ट सोडून फक्त संगीत ऐका. संगीतकार अजय-अतुल यांनी त्यातलं वाद्यवृंदाचं संगीत अमेरिकेत, सोनीच्या स्टुडिओत पाश्चात्त्य सिम्फनी वाद्यवृंदाकडून ध्वनिमुद्रित करून घेतलं. करमाळ्याकडच्या केळीच्या बागा, विहीर, बुलेट, आणि त्यावर एवढा मोठा वाद्यवृंद. नायक-नायिका परशा-आर्चीला स्वतःचं प्रेम जेवढं मोठं वाटतं, तेवढं मोठं ते संगीत आहे. चारही गाणी पूर्वार्धात, पळून जाण्याच्या आधी. हैदराबादला पोचल्यावर गाणं संपतं. खोली, भांडीकुंडी, कामाची जागा, संशय. आणि शेवटी तर आवाजच काढून घेतला आहे. सुधाकर रेड्डी यक्कंटी यांच्या कॅमेऱ्याचंही तसंच. आधी विस्तीर्ण आभाळ, हिरवाई, पाणी; मग झोपडपट्टीतली दाटी. दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी आधी भरभरून दिलं आणि मग एकेक परत घेतलं. प्रेक्षक हादरतो तो या परत घेण्याने. सुरुवातीपासून काटकसर केली असती तर शेवटची शांतता नुसती शांतता राहिली असती.

उलटं उदाहरण मंजुळे यांच्याच ‘फँड्री’चं. अजय-अतुल यांचं गाणं प्रसिद्धीसाठी होतं, चित्रपटात ते नाही. त्यातल्या नायकाच्या, जब्याच्या एकतर्फी प्रेमाला गाणं मिळतच नाही. दोन्ही वाटा बरोबर आहेत. तुमच्या गोष्टीला कोणती लागते हे आधी ठरवा, आणि बारा मिनिटांच्या फिल्मसाठी दोन्ही एकदम निवडू नका.

आमच्या दिंडोरीच्या मुलीच्या गोष्टीसाठी मी छोटी सुरावट घेईन, चार-पाच स्वरांची, भूपातली. भूपात मध्यम आणि निषाद नाहीत, त्यामुळे सुरावट मोकळी राहते, गुणगुणायला सोपी, आणि नवख्या वादकाच्या हातून फारशी बिघडत नाही. ती पहिल्यांदा येते तेव्हा पार्श्वसंगीत म्हणून आणू नका. गोष्टीतच कोणीतरी ती वाजवू दे. समजा, वाड्याच्या माडीवर त्याची धाकटी बहीण पेटी शिकते आहे, अडखळत, एक स्वर चुकवत. दुसऱ्यांदा तीच सुरावट एसटीच्या खिडकीशी बसलेली ती नकळत गुणगुणते. तिसऱ्यांदा, तिचं येणं थांबल्यावर, बासरीवर. पण या वेळी शुद्ध गांधाराच्या जागी कोमल गांधार. एवढ्या एका स्वराने भूपाची शिवरंजनी होते. ऐकणाऱ्याला रागाचं नाव माहीत असण्याची गरज नाही, काहीतरी हललं एवढं त्याला कळतं. शिवरंजनी मात्र एकदाच. हिंदी सिनेमाने तिच्याकडून इतकं रडवून घेतलंय की दुसऱ्या वेळी ती परिणाम करत नाही, आठवण करून देते.

एकच सुरावट पुन्हा पुन्हा आणायची भीती वाटत असेल तर वाँग कार-वाय यांचा ‘इन द मूड फॉर लव्ह’ (२०००) पाहा. व्हायोलिनची तीच एक धून, माणसं तशीच जिन्याने वर-खाली करतात, फक्त बाईचा पोशाख बदललेला असतो. शिगेरू उमेबायाशी यांची ती धून मुळात या चित्रपटासाठी केलेलीही नव्हती. १९९१च्या एका जपानी चित्रपटातून ती घेतली. धून नवी असण्यापेक्षा ती कुठे येते आणि कुठे येत नाही, याने काम होतं.

गिटारबद्दल. मुलाच्या हाती गिटार देऊन कॉलेजच्या पायऱ्यांवर बसवलं की पात्र तयार झालं, असं समजू नका. दहापैकी आठ फिल्ममध्ये तो तिथेच बसलेला असतो.

संगीत नसलेले आवाज आधी गोळा करा, ते फुकट आहेत आणि नाशिकचे आहेत. सीबीएस बसस्थानकावरची घोषणा आणि उभ्या एसटीचा थरथराट. बागेतल्या फवारणीच्या ब्लोअरचा लांबून येणारा घरघराट. रामकुंडावरची घंटा. गणपतीच्या आधी संध्याकाळी चालणारा ढोलपथकांचा सराव. ढोलाची गंमत अशी की त्याचा खालचा नाद दूरवर पोचतो, ताशाचा कडकडाट तेवढा पोचत नाही. दोघं नदीकाठी बसलेत, नुसता ढोल अस्पष्ट ऐकू येतोय. चालत पथकाजवळ येतात तसा ताशा वर येतो, आणि आता एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. नेमकं सांगायचं ते तिने आत्ताच सांगितलंय. हा सीन संगीतकाराशिवाय उभा राहतो. शूटिंगच्या प्रत्येक जागी कोणालाही न बोलू देता एक मिनिट नुसता आवाज ध्वनिमुद्रित करा. एडिटिंगला दोन वाक्यांमधली पोकळी त्यानेच बुजते, नाहीतर आवाज तुटक तुटक येतो आणि मग तो झाकायला पुन्हा पियानो लागतो.

एडिटिंग करताना कामचलाऊ म्हणून एखादं प्रसिद्ध गाणं खाली लावू नका. आठवडाभर ते ऐकलं की दुसरं काही चालत नाही, आणि तुमच्या संगीतकार मित्राच्या हाती शेवटी त्या गाण्याची नक्कल करणं उरतं. लावायचंच तर तालासाठी नुसता मेट्रोनोम लावा.

मिक्स करताना संवादांचे चढ उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा आणि संगीत त्याखाली पंधरा-वीस डेसिबल. ही सुरुवात, पुढचं कानाने. मग तेच मोबाइलच्या स्पीकरवर ऐका. मोबाइलमध्ये खालचे स्वर जवळजवळ नसतात, तुमचा ढोल तिथे गायब झालेला असेल. बहुतेक लोक तुमची फिल्म तिथेच पाहणार आहेत. ढोलाच्या आवाजातला काठीचा टणत्कार थोडा वाढवा, म्हणजे नाद हरवला तरी ठोका उरतो.

हक्क आणि कागद

चालू सिनेमातलं गाणं लावलंत तर यूट्यूब ते ओळखतं, कधी आवाज बंद करतं, कधी कमाई दुसऱ्याच्या खात्यात टाकतं, आणि महोत्सव प्रवेशिका नाकारतात. ‘विद्यार्थ्यांची फिल्म आहे’ हे उत्तर तिथे चालत नाही. आपल्या १९५७च्या कायद्याप्रमाणे कवी, गीतकार, संगीतकार यांचा हक्क त्यांच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं. नाशिकच्या मुलांना हमखास सुचतं ते कुसुमाग्रजांची कविता नायकाच्या तोंडी घालायचं. ते १९९९ साली गेले, म्हणजे २०५९ संपेपर्यंत परवानगी लागणार. तुकोबांचे शब्द खुले आहेत, पण त्यांना विसाव्या शतकातल्या कोणी लावलेली चाल खुली असेलच असं नाही. हे तीन वेगळे हक्क आहेत, शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण, आणि तिन्ही वेगवेगळे तपासायचे. १९२१ साली नाशकात जन्मलेले द. वि. पलुस्कर १९५५ला गेले. त्यांच्या हयातीत निघालेल्या तबकड्यांच्या ध्वनिमुद्रणाची मुदत संपलेली आहे, तरी त्यात गायलेल्या पदाची चाल आणि शब्द कोणाचे हे पाहावंच लागेल, आणि कंपनीने नंतर काढलेली आवृत्ती वापरण्याआधी जाणकार वकिलाला विचारलेलं बरं.

सगळ्यात सोपं म्हणजे संगीत विशारदची तयारी करणारी एखादी मैत्रीण, एखादा पेटीवाला मित्र शोधा आणि सुरावट नवी करून घ्या. मैत्री असली तरी कागद करा. चाल कोणाची, वाजवलं कोणी, फिल्म कुठे कुठे दाखवायला त्यांची संमती आहे, आणि त्यांचं नाव श्रेयनामावलीत कसं येईल, एवढं एका पानावर लिहून दोघांच्या सह्या. कॉलेजच्या आवारात शूटिंगसाठी प्राचार्यांची लेखी परवानगी, घाटावर आणि रस्त्यावर गर्दी अडणार असेल तर पोलिसांची. वाड्यात भाडेकरू असतात, त्यांनाही आधी विचारा. पेटीचा सीन दहा वेळा चालतो तेव्हा त्यांनाच ते ऐकावं लागतं.

फिल्म तयार झाली की ती अशा एखाद्या माणसाला दाखवा जो तुमच्या ग्रुपमधला नाही. मित्र खोटं बोलतात. आधी आवाज पूर्ण बंद करून दाखवा आणि विचारा, या दोघांच्यात काय चाललंय. मग दुसऱ्या कोणाला डोळे मिटून नुसतं ऐकायला लावा आणि विचारा, शेवटी काय झालं. पहिल्याला निळा डाग आठवत नसेल तर फ्रेममध्ये अजून एखादा ड्रम राहिलाय. दुसऱ्याला बासरीतला बदल जाणवला नसेल तर ती सुरावट आधी पुरेशी मुरलेली नाही. पेटीचा सीन तीन-चार सेकंदांनी वाढवा. आणि शेवटची फाइल काढताना संवाद, संगीत आणि बाकीचे आवाज हे तीन ट्रॅक वेगवेगळे जपून ठेवा, दोन हार्ड डिस्कवर. उद्या एखाद्या तुकड्यावर हरकत आली तर तेवढाच काढता येतो, अख्खी फिल्म पुन्हा मिक्स करावी लागत नाही.